माय हाय का?

आक्कांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "माय हाय का?"

मी टांग्यातून उतरत होते. सोळा वर्षांची नवी नवरी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. नवऱ्याची बदली परतूरच्या स्टेशनावर झाली होती. तो तिकीटबाबू. स्टेशनाला लागूनच आक्कांचं घर, आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकीण दारात उभी होती. ती नाव विचारेल, गाव विचारेल, निदान प्रवास कसा झाला म्हणेल, असं मला वाटलं होतं. तर हे.

"न्हाई," मी म्हणाले. "लहानपणीच गेली. बाप बी गेला. चुलत्यानं वाढवलं."

"अरेरे," आक्कांनी मान हलवली. "म्हंजी तुला कुणी देऊ शकत न्हाई."

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. देऊ शकत नाही म्हणजे काय? मला तर नुकतंच लग्नात देऊन मोकळे झाले होते. त्या दिवशी मी चूल पेटवता पेटवता रडून घेतलं आणि धुरावर खापर फोडलं.

पुढं कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. कल्हईवाल्याला, टपालवाल्याला, पीठ मागायला आलेल्या गोसाव्याला. एकदा एक मिशाळ जमादार कसल्याशा चौकशीला आला, तर त्यालाही ओसरीवर बसवून पाणी देण्याआधी विचारलं, "माय हाय का?" तो बिचारा गडबडून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हाय जी. पण तिनं काय केलं न्हाई." गावाला वाटायचं, आक्का मायाळू आहेत, बाई एकटी आहे, म्हणून लोकांच्या आयांची विचारपूस करते. मायाळू त्या होत्याच. पण तो प्रश्न मायेचा नव्हता, कायद्याचा होता.

आक्कांना मूल नव्हतं. मालक त्या विशीत असतानाच गेले होते. वाटण्या आधीच झाल्या होत्या, त्यामुळं गावाबाहेरचं कापसाचं रान आणि विहीर आक्कांची. त्यांच्या दिराला ते रान फार आवडायचं. आक्कांनी दत्तक घ्यावं असा त्याचा आग्रह होता, आणि आपल्या तीन मुलांपैकी मधला त्यानं त्यासाठी खाऊपिऊ घालून तयारच ठेवला होता. आक्काही हट्टी. त्या थेट जालन्याला जाऊन एका वकिलाकडून दत्तकाचा कायदाच शिकून आल्या. लिहिता वाचता येत नव्हतं, म्हणून पाठ केला. वाती वळता वळता त्या तो म्हणत:

"घेणाऱ्याला पोटचा लेक नसावा. विधवेला घेता येतो, दिराला इचारायची गरज न्हाई. घ्यायचा तो बाप्याच असावा, पोरगी चालत न्हाई. आपल्या जातीतला असावा. देणारी त्याची माय असावी, न्हाई तर बाप. दुसऱ्या कुणाला देण्याचा हक न्हाई, चुलत्याला न्हाई, मामाला न्हाई. म्हून बिनमायबापाचा दत्तक जात न्हाई."

म्हणजे मी दोन्हीकडून बाद. पोरगी आणि पोरकी. हे मला कळलं तेव्हा हसू आलं, पण थोडं लागलंही. कुणी मला घेणार होतं असं नाही, तरी घेता येण्याजोगी आपण नाही हे ऐकायला कुणाला आवडतं?

आक्का दिसायला एवढ्याशा. गव्हाची अर्धी गोणी ठेवली तर त्या मागं दिसणार नाहीत. काळसर लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर, दात मिसरीनं काळे. रागावल्या की दखनीत बोलत आणि राग गेला की मराठीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "रागाची भाषा येगळी ठिवावी. म्हंजी घरची भाषा खराब होत न्हाई." त्यामुळं ओसरीवरून "क्या रे, क्या समझा तू?" असं ऐकू आलं की मी दार लोटून घेई आणि "बस बाबा, च्या घे" ऐकू आलं की पुन्हा उघडत असे.

घरात घड्याळ नव्हतं. घरामागं गोठा, गोठ्यामागं बाभळी आणि बाभळींपलीकडं रूळ. सकाळी परभणीकडून गाडी आली की चूल पेटायची. दुपारी जालन्याकडून गाडी आली की आक्का जेवायला बसायच्या. मालक होते तेव्हा ते त्याच गाडीच्या शिट्टीवर शेतातून घरी येत आणि दोघं जेवत. मालक गेले, गाडी येत राहिली. ती आल्याशिवाय आक्कांच्या घशाखाली घास उतरत नसे. गाडीला तासभर उशीर तर जेवणाला तासभर उशीर, आणि त्याचा जाब माझ्या नवऱ्याला.

"बाबू, काल तुमच्या गाडीनं माझी भाकर वाळवली."

"आक्का, गाडी माझी न्हाई, सरकारची हाय."

"मंग सरकारला तार करा. म्हणावं, परतूरच्या आक्का उपाशी बसून राह्यल्या."

आता खंडूबद्दल सांगायला हवं. खंडू आक्कांचा सालगडी. मूळचा हसनाबादचा, आक्कांच्याच जातीतला. मालकांच्या शेवटच्या वर्षी कामाला लागला आणि वीस वर्षं टिकला. सत्तेचाळिशीचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, मानेचा जाड आणि बोलायला अगदी कमी. बायको बाळंतपणात गेली, दुसरी केली नाही. या वीस वर्षांत तो कधी ओसरी ओलांडून घरात आला नव्हता. आक्का भाकरी उंबऱ्यावर ठेवत, तो ती गोठ्यात नेऊन खाई. एकटी बाई आणि एकटा गडी. लोकांच्या जिभा काय असतात हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आम्ही राहायला येऊन दोनेक महिने झाले असतील. एका दुपारी नवरा कपाळाला आठ्या घालून जेवायला आला. म्हणाला, "अगं, शिट्टी ऐकून मी खिडकी उघडली, फलाटावर गेलो, तर गाडीच न्हाई. जालन्याहून सुटलीच नव्हती. हे तिसऱ्यांदा झालं." मी हसले. उन्हानं डोकं फिरलं असेल म्हणाले.

चार दिवसांनी गाडीला पुन्हा उशीर झाला. मी शेण आणायला गोठ्यामागं गेले, तर तिथं खंडू. दोन्ही तळवे तोंडाशी धरलेले, गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि त्या धिप्पाड माणसाच्या तोंडातून इंजिनाची शिट्टी निघत होती. आधी लांबून यावी तशी बारीक, मग मोठी, मग बाभळींपाशी वळण घेताना बसते तशी बसलेली. तिथल्या तिथं पाय आपटून चाकंसुद्धा चालवली. डोळे उघडले आणि मी दिसले, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, सांगू नका," तो म्हणाला. "आक्का उपाशी राह्यतात. त्याइला पित्त होतं. चार घास गेले की बस, मंग खरी गाडी आली तर त्याइला वाटतं मालगाडी हाय."

"कधीपासून करून राह्यला हे?"

"मालक गेल्ते त्या सालापासून."

मी ओसरीकडं पाहिलं. आक्का पानावर बसल्या होत्या.

मी सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र सांगितलं. तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून गाडी उशिरा असली की तो स्टेशनावरून हमालाला पाठवून खंडूला आगाऊ खबर देऊ लागला.

इकडं दिराचा धीर सुटत चालला होता. एक दिवस तो मधल्या मुलाला नवं धोतर नेसवून घेऊन आला. मुलगा अठराचा, अंगानं भरलेला.

"आक्का, बसवून तर बघा मांडीवर," दीर म्हणाला.

दत्तक घेणं म्हणजे मांडीवर घेणं, हे आपल्याकडं नुसतं बोलण्यापुरतं नाही, खरोखर बसवतात. आक्का मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "बस." तो बसला आणि आक्का त्याच्यामागं पार नाहीशा झाल्या. पोरानं इकडं तिकडं पाहिलं आणि काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "आक्का, आपल्या हिरीला उन्हाळ्यात पाणी किती राह्यतं?"

आक्का उठल्या. कशा उठल्या देव जाणे, पण पोरगा जमिनीवर होता आणि आक्का उभ्या होत्या.

"मांडीवर बसून हिरीची चौकशी करत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भूक लागली म्हणतात."

त्यानंतर त्या पुन्हा जालन्याला गेल्या आणि वकिलाला एकच प्रश्न विचारून आल्या: घेणारीपेक्षा घेतलेला वयानं मोठा असला तर चालतं का? वकील हसला, पुस्तकं उघडली, हसायचा थांबला आणि म्हणाला, आपल्या भागात चालतं. वयाला बंधन नाही. आक्कांनी हे कलम पाठात घातलं आणि परत आल्यावर ओसरीवरच्या खांबाला टेकून जाहीर केलं, "मी खंडूला मांडीवर घेऊन राह्यले."

खंडू तेव्हा बैलांना पाणी दाखवत होता. त्याच्या हातून बादली पडली.

दिरानं गाव डोक्यावर घेतलं. नको ते बोलला. आक्कांनी त्याला दखनीत असं झाडलं की बाजारातली माणसं ऐकायला उभी राहिली. मग दिरानं कायद्याचीच काठी उचलली. पंचांना म्हणाला, "ह्याला माय कुठं हाय? हसनाबादची म्हातारी कवाच मेली. देणारी न्हाई, तर घेणार कसा?" खंडू म्हणाला, "हाय. हसनाबादेतच हाय. दिवाळीला भेटून आल्तो." दीर म्हणाला, "हाय तर आणा. पंचांसमोर उभी करा."

इथं आक्कांचा ताठा आडवा आला. म्हणाल्या, "मुहूर्ताच्या दिवशी दुपारच्या गाडीनं येती. मुहूर्त टळेपर्यंत आली न्हाई, तर तुझा पोरगा मांडीवर घेते. बोल, बराबर?"

"बराबर," दीर म्हणाला आणि पंच साक्षीला राहिले.

मला तर घाम फुटला. जालन्याकडच्या गाडीवर कुणी पैज लावतं का? माझा नवरा रोज तिच्याच नावानं बोटं मोडत होता.

मुहूर्ताच्या दिवशी अंगणात जाजम टाकलं होतं. पंच, जोशी, जालन्याचे वकीलसाहेब, दीर आणि नवं धोतर नेसलेला त्याचा मुलगा. जोशानं सांगून ठेवलं होतं की लिंबाची सावली तुळशीला टेकेपर्यंत मुहूर्त आहे. वेळ होता म्हणून वकीलसाहेब दत्तकपत्राचा मसुदा वाचू लागले. तेव्हाचं सगळं दफ्तर उर्दूतलं, आणि उर्दूत दत्तकपुत्राला शब्द आहे मुतबन्ना. दोन ओळींत तो चार वेळा आला. आक्का ऐकत होत्या. पाचव्या वेळी त्यांनी हात वर केला.

"वकीलसाहेब, हे कुणाला म्हणून राह्यले?"

"खंडूला. सरकारी लफ्ज आहे, बाई."

"सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या हाय. लहानपणी करत असंल, मला ठाऊक न्हाई. आता कशाला लिहिता?"

पंच उपरण्यात तोंड लपवून हसले. वकिलांनी समजावून पाहिलं, पण आक्का ऐकेनात. शेवटी त्यांनी मसुद्यात "लेक" असं मराठीत लिहिलं आणि कंसात तो सरकारी शब्द बारीक अक्षरात ठेवला.

त्यात थोडा वेळ गेला, पण सावली चाललीच होती. गाडीची वेळ झाली, गेली. स्टेशनावरून हमाल आला आणि माझ्या कानात सांगून गेला की गाडीचा पत्ता नाही. सावली तुळशीपासून हातभर राहिली, मग वीतभर. दीर एकदा सावलीकडं बघे, एकदा मुलाकडं. खंडू जाजमाच्या कडेला खाली मान घालून बसला होता, अंगात धुतलेला सदरा, हात गुडघ्यात. त्याला आक्कांचं रान नको होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो काहीतरी फार मागत होता, ते त्याच्या हातांवरून दिसत होतं. सावली चार बोटं राहिली तेव्हा दीर म्हणाला, "पोरा, ऊठ. आक्कापाशी जाऊन बस."

आणि शिट्टी झाली.

लांबून, बारीक. दीर हसला. खंडूची शिट्टी गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होती. "ही गाडी न्हाई," तो म्हणाला. "हा खंड्या वाजवून राह्यला. वीस वरसं ह्या बाईला फशिवतो आन्..."

"खंडू माझ्यासमोर बसलाय," आक्का म्हणाल्या. "आज खरी हाय."

सगळ्यांनी खंडूकडं पाहिलं. तोंड बंद, हात गुडघ्यात. बाभळींपाशी शिट्टी बसली, पुन्हा उठली आणि रूळ वाजू लागले. पण खंडूचं तिकडं लक्षच नव्हतं. तो आक्कांकडं बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "तुमाला ठाऊक होतं?"

"माझे कान गेलेत का? इंजिन खोकत न्हाई रे, तू खोकतोस."

"मंग जेवत का होत्या?"

"एवढा जीव काढून वाजवतोस," आक्का म्हणाल्या. "उपाशी कशी राहू?"

मी पदर तोंडाला लावला, पण तेवढ्यात अंगणात माझा नवरा सामानाची हातगाडी ढकलत धावत आला आणि त्या हातगाडीवर, दोन कापसाच्या बोचक्यांमध्ये, एक म्हातारी बसलेली. हसनाबादची माय. मुहूर्त टळू नये म्हणून त्यानं तिला फलाटावरून तशीच उचलून आणली होती. सावली आणि तुळस यांच्यात बोटभर अंतर उरलं होतं. जोशी म्हणाला, टेकलेली नाही.

म्हातारीला उतरवलं. तिनं लेकाचं तोंड चाचपलं, मग आक्कांकडं निरखून पाहिलं.

"ही ह्याची माय व्हणार?" ती म्हणाली. "ही तर ह्याची धाकली बहीण दिसती."

"कायद्यात चालतं," आक्का म्हणाल्या.

"माझं एकच हाय गं." म्हातारीनं खंडूचा हात सोडला नाही. "एकच हाय."

मग तिनं लेकाला विचारलं, "तुला जेवाया कोण घालतं?"

"ह्याच," खंडू म्हणाला.

"आन् हिला?"

आक्का म्हणाल्या, "तो."

"मंग देऊन झालंच की," म्हातारी म्हणाली. तिनं खंडूचा हात उचलला, आक्कांच्या हातात ठेवला आणि अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "दिला."

"घेतला," आक्का म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

आता खरी पंचाईत. खंडू आक्कांच्या मांडीवर टेकला, पण वजन टाकेना. गुडघे वाकवून, दोन्ही हात जमिनीला लावून, आक्कांच्या मांडीच्या वर बोटभर तरंगत राहिला. पाय लटलटत होते, कपाळावर घाम. बाई मोडली तर काय घ्या.

"वजन टाक," आक्का मागून म्हणाल्या.

"आक्का, न्हाई पेलायचं तुमाला."

"टाक म्हणते ना. अधांतरी लेक मला नको."

त्यानं वजन टाकलं. आक्का हूं की चूं करेनात. त्याच्या पाठीमागून फक्त त्यांचे दोन हात दिसले, त्याच्या पोटावर येऊन एकमेकांत अडकलेले. एवढा मोठा माणूस मान खाली घालून हमसून हमसून रडत होता आणि आक्का मागून विचारत होत्या, "भूक लागली का रं? बोल की. लागली का?"

"लागली," खंडू म्हणाला. तोपर्यंत दीर आणि त्याचं नवं धोतर निघून गेलं होतं.

जेवायची वेळ झाली तेव्हा आक्कांनी खंडूला हाताला धरून उंबरा ओलांडून आत नेलं. म्हातारी ओसरीवर घुटमळत होती. म्हणाली, "मला बी घ्या की गं. मी एकटी हसनाबादेत काय करू?"

"मोठी चालते," आक्का विचार करत म्हणाल्या. "पण बाईमाणूस चालत न्हाई. आन् तुला माय हाय का?"

"कवाच गेली."

"मंग तुला कोण देणार?" आक्कांनी मान हलवली. मग मला पाहिलं. मी दाराशी पदर डोळ्याला लावून उभी होते. त्या वेळी मला तिसरा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणाला कुठं जायचं या घोरात मी रात्रंदिवस होते. चुलतीनं जमणार नाही असा निरोप पाठवला होता.

"ही बी तशीच," आक्का म्हातारीला म्हणाल्या. "तुमी दोघी बी कायद्यात बसत न्हाई. मंग चुलीपाशी बसा. कायदा तितपर्यंत येत न्हाई."

आम्ही बसलो. म्हातारी शेवटपर्यंत तिथंच राहिली. माझी थोरली मुलगी त्याच घरात झाली. म्हातारीनं तिला न्हाऊ घातलं, खंडूनं शेकायला शेणी आणल्या आणि आक्कांनी आठवड्याचं पोर मांडीवर घेऊन त्याला सगळा कायदा म्हणून दाखवला.

बदली झाली, आम्ही परतूर सोडलं. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा मी पुन्हा गेले. आक्का ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत नव्हतं. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोण हाय? माय हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

"कुठं असती?"

"परतूरला. स्टेशनाला लागून."

आक्कांनी हात पुढं करून माझं तोंड चाचपलं, हसनाबादच्या म्हातारीनं खंडूचं चाचपलं होतं तसं. मला मांडीकडं ओढलं. मी बसले. वजन टाकून बसले, कारण अधांतरी त्यांना चालत नसे.

"वाळलीस," मागून आवाज आला. "जेवली का?"

"दुपारची गाडी कुठं आलीय अजून," मी म्हणाले.

गोठ्यामागून शिट्टी झाली. आधी बारीक, मग मोठी, आणि मध्येच एक खोकला. मी आठ-नऊ वर्षं रेल्वेवाल्याची बायको होते, आणि गाडी यायला अजून तासभर अवकाश आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आली बघ," आक्का म्हणाल्या. आम्ही दोघी उठलो आणि पानं मांडली.